सोसायटीच्या विहिरीतला सवाल

चकलांब्यात टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढं म्हाताऱ्या केसरबाई आणि त्यांची शेजारीण छबू बोलत होत्या.

"छबू, काल माझ्या नातीनं मला इचारलं, के स्पोर्त ती प्याचे?"

"ही कुठली भाषा, मावशी?"

"इटलीची. तुला कोणता खेळ आवडतो, असं इचारायचं आसलं की तसं म्हणत्यात."

"तुमाला कसं ठाऊक?"

"बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीची विहीर खांदायला तिकडचा एक इंजिनेर आलता. आमा पोरींना रोज हेच इचारायचा. आमी म्हणायचो, फुगडी. तो म्हणायचा, नुओतो. म्हंजी पोहणं."

"मग गेला का माघारी?"

"कुठला जातोय. पाणी लागलं त्याच दिवशी त्यानं सूर मारला. लई धुंडला, घावलाच न्हाई."

"नातीला तुमीच सांगितलं आसंल कवातरी."

"एवढ्या वर्सांत मी त्याचं नाव काढलं न्हाई. तिला इचारलं, कुणी शिकवलं? म्हणली, विहिरीतल्या काकानं."

"ती विहीर तर कोरडीठाक हाय. पोरं तळाला खेळत्यात."

"मी बी तेच म्हणलं. मग इचारलं, त्याला तू काय जवाब दिला गं? तर म्हणली, नुओतो."

"तिनं पोहण्याएवढं पाणी तरी बघितलंय का कधी?"

"वेणी सोडाया बसवली तर केस चिंब. पिळले, तांब्या भरला."

"आन ते पाणी?"

"दुष्काळात पाणी कोण सांडतंय, छबू? सकाळी तू आलीस तवा त्याचाच चहा केलता."