दोन शेपट्यांचं वासरू

व्हर्ना : तिथूनच बोल ना, गुन्नर. गोठ्यात कशाला शिरतोस? गाय नुकती व्यालीय. अनोळखी माणूस दिसला की अंगावर धावते.

गुन्नर : मी अनोळखी? चाळीस वर्षं शेजारी आहे तुझा.

व्हर्ना : त्यातली अकरा वर्षं या फाटकातून पाऊल टाकलं नाहीस. गाईला काय ठाऊक?

गुन्नर : पाऊल का टाकलं नाही, ते गाईला नसेल ठाऊक. तुला आहे.

व्हर्ना : मग आज कशी वाट वाकडी केलीस?

गुन्नर : बर्फाच्या वादळानंतर गुरं मोजत होतो. माझी एक पहिलारू गाय तुझ्या कुंपणाजवळच्या चरात सापडली. मेलेली.

व्हर्ना : अरेरे! माझं पण एक वासरू गेलं रे. याला काय वसंत म्हणायचं? रविवारी चर्चमधून येताना लोकांनी कोट काढून हातात घेतले होते. मी चादरी बाहेर वाळत घातल्या. सोमवारी रात्री वारा उत्तरेला फिरला आणि मंगळवारी दारातून गोठा दिसेना. आणि आज बघ, पुन्हा पागोळ्या गळतायत. कानटोपी घालावी तर घाम, काढावी तर...

गुन्नर : हवेच्या गप्पा मारायला आलो नाही मी. ती गाय व्यालेली होती, व्हर्ना. वासरू कुठं गेलं?

व्हर्ना : कोल्ह्यांनी नेलं असेल.

गुन्नर : कोल्हे घसरगाडीवर घालून नेत नाहीत. चरापासून तुझ्या गोठ्यापर्यंत बर्फावर सरळ दोन रेघा आहेत. वरचा थर रात्री गोठला म्हणून राहिल्यात. तासाभरात वितळतील. म्हणून घाईनं आलो.

व्हर्ना : मी गवताचा भारा ओढून आणला.

गुन्नर : चरातून?

व्हर्ना : आता तुला विचारून गवत आणायचं का मी?

गुन्नर : ते वासरू बघू दे.

व्हर्ना : माझ्या गाईचं आहे ते. पितंय तिला, दिसत नाही?

गुन्नर : दिसतंय ना. तोंड पांढरं दिसतंय त्याचं. तुझी गुरं सगळी काळीभोर. पांढऱ्या तोंडाचा वळू या भागात एकट्या माझ्याकडे आहे.

व्हर्ना : आणि तोच तुझा वळू गेल्या जूनमध्ये कुंपण मोडून माझ्या कुरणात शिरला होता! दोन दिवस ठाण मांडून बसला. तेव्हा निरोप काय धाडलास, दोन दिवसांत काय होतंय म्हणून. हे झालं!

गुन्नर : बोलण्यात काही तू हरायची नाहीस. त्याच्या अंगावर काय बांधलंयस?

व्हर्ना : पांघरूण. गारठलं होतं पोर.

गुन्नर : केस आहेत त्या पांघरुणाला.

व्हर्ना : आमच्या मेट्रोचा जुना कोट आहे.

गुन्नर : तुझ्या नवऱ्याच्या कोटाला शेपूट होती?

(व्हर्ना हातातली बादली खाली ठेवते.)

गुन्नर : दोन शेपट्या आहेत वासराला, व्हर्ना. गाईनं वासावरून आपलं मानावं म्हणून तुझ्या मेलेल्या वासराचं कातडं चढवलंयस त्याला, आणि सोलताना शेपूट ठेवलीस. बरोबरच केलंस. गाय आधी तिथंच हुंगते. मीही तसंच करतो. फक्त स्वतःच्या वासराला.

व्हर्ना : तुझंच आहे. झालं समाधान? चरात पडलं होतं, अर्धं चाटलेलं. तुझी गाय तोवर गेली होती. माझ्या न्हाणीघरात टबात ऊन पाण्यात धरून बसले, तेव्हा कुठं त्यानं कान हलवला. आणि इकडे ही गाय मेलेल्या वासरासाठी सारखी हंबरत होती. माझ्यानं ऐकवेना. चारच तर गाई आहेत माझ्याकडे. हाही हंगाम फुकट गेला की मुलगी गाई विकायला लावणार आणि मला शहरात, सास्काटूनला, तिच्या तळघरातल्या खोलीत नेऊन ठेवणार.

गुन्नर : फोन का नाही केलास?

व्हर्ना : तीन आकडे फिरवले आणि ठेवून दिला. मेट्रोनं तुला चोर म्हटलं होतं. त्याच्या बायकोनं कुठल्या तोंडानं सांगायचं, तुझं वासरू माझ्या गोठ्यात आहे म्हणून?

गुन्नर : चारचौघांत म्हटलं. हॉटेलात, कॉफीच्या टेबलावर. असंच वादळ झालं होतं. त्याचं वासरू नाहीसं झालं आणि माझ्याकडे एक काळं वासरू दिसलं, एवढ्यावरून. ते ज्या काळ्या गाईचं, ती विकत घेतल्याचे कागद दाखवले मी. तरी त्या दिवसापासून मी बसलो की एकेकाला कामं आठवायची. शेवटी जाणंच सोडलं. तुलाही अजून तसंच वाटतं ना?

व्हर्ना : नाही.

गुन्नर : फार पटकन म्हणालीस. कुठंतरी पाणी मुरतंय.

व्हर्ना : सापडलं होतं ते.

गुन्नर : काय?

व्हर्ना : आमचं वासरू. त्याच वर्षी, मेच्या शेवटी. उत्तरेकडच्या झाडीत बर्फाचा ढीग उशिरा वितळला, त्याच्या खाली. कानात आमचा बिल्ला होता.

गुन्नर : मेट्रोला माहीत होतं?

व्हर्ना : त्यानंच पुरलं. म्हणाला, गुन्नरला सांगतो. मग पेरणी आली, मग कापणी. मग म्हणाला, आता इतक्या उशिरा कसं सांगू? मग आजारपण.

गुन्नर : त्याला जाऊन चार वर्षं झाली. तू?

व्हर्ना : मी पण तशीच. रोज तुझ्या खिडकीतला दिवा दिसायचा आणि मी पडदा ओढून घ्यायचे. लाज वाटते रे मला. थांब, दोर सोडते. ने तुझं वासरू.

गुन्नर : हात लावू नकोस. पितंय ते. आईवेगळं वासरू नेऊन मी काय बाटली धरून बसू? राहू दे तुझ्याकडे.

व्हर्ना : आणि बदल्यात?

गुन्नर : उद्या हॉटेलात ये. सगळे टेबलावर असताना.

व्हर्ना : मेलेल्या माणसाला गावासमोर खोटं पाडू? माझ्याच नवऱ्याला?

गुन्नर : मी अजून जिवंत आहे, व्हर्ना.

व्हर्ना : ...किती वाजता जमतात हल्ली?

गुन्नर : मला काय ठाऊक? मी जायचो तेव्हा दहाला जमायचे.