माझ्या पाठीमागचा बॅनर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे विश्वस्त आदरणीय रेव्हरंड आमोस हावळ, प्रमुख पाहुणे, पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष श्री. विजयसिंह माळकर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या मुख्याध्यापिका एस्तेर समुद्रे मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पालकहो, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसून घामाघूम झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना मनःपूर्वक नमस्कार.

आधी एक खुलासा करायला हवा. बोलणाऱ्यासाठी तिकडे उजव्या कोपऱ्यात टेबल मांडलं आहे. आठवीच्या मुलींनी त्याला शेवंतीच्या माळा लावल्या आहेत. ते सोडून मी माईक हातात घेऊन इथं, मान्यवरांच्या खुर्च्यांच्या मागे, बॅनरला जवळजवळ टेकून उभा आहे. पाहुण्यांच्या पाठीमागून भाषण करणं रीतीला धरून नाही, हे मला कळतं. अध्यक्षांनी आत्तापर्यंत दोनदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. साहेब, मानेला त्रास देतोय, क्षमा करा. मी इथून हलू शकत नाही. का, ते सांगणारच आहे. पण आज दिवस मॅडमचा आहे, म्हणून आधी मॅडमविषयी.

मॅडम मूळच्या फुटबॉलवेड्या गडहिंग्लजच्या. म्हणजे त्यांच्यात फुटबॉल कुठून आला हे वेगळं सांगायला नको. त्या इथं रुजू झाल्या त्या दिवशी आम्ही शिक्षक हार घेऊन ऑफिसच्या दारात उभे होतो आणि मॅडम ग्राउंडवर गोलपोस्टची जाळी कुठं फाटली आहे ते बघत होत्या. मुलींचा संघ त्यांनीच उभा केला. तेव्हा एक पालक भांडायला आले होते. "पोरींनी हाफ पँट घालून खेळायचं व्हय, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "साडी नेसून खेळत असतील तर तशी परवानगी देते. फक्त गोल झाला पाहिजे." यंदा मुलींचा संघ आणि मुलांचा संघ, दोन्ही जिल्ह्याच्या अंतिम फेरीत होते. त्या पालकांची धाकटी मुलगीही खेळली. पालक शिट्टी घेऊन आले होते.

आणखी एक गोष्ट. परीक्षेच्या दिवसांत 'पोटात दुखतंय' म्हणून ऑफिसात येणारी मुलं तुम्हाला माहीत आहेत. मॅडम त्यांना गोळी देत नसत, घरीही पाठवत नसत. हवा भरायचा पंप आणि बसलेले फुटबॉल समोर ठेवायच्या. "एवढे भर, तोवर मी सही करते." एकदोन फुटबॉल भरेपर्यंत पोट दुखायचं थांबायचं, नाहीतर खरं दुखणं बाहेर यायचं. घरी भांडण झालंय, बाकावर शेजारचा चिमटे काढतो, काल जेवण गेलं नाही. मॅडम सही करता करता ऐकायच्या. मान वर करायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, "मॅडम, मुलाकडे बघून ऐकावं ना?" त्या म्हणाल्या, "सर, रडणाऱ्याकडे टक लावून बघायचं नसतं."

हे वाक्य ऐकून मी मान डोलावली होती. ते मला कळलं होतं, असं मला वाटत होतं.

आता माझ्याविषयी, थोडक्यात. विद्यार्थी कल्याण आणि समाजसेवा या समितीचा मी प्रमुख. नववीला मूल्यशिक्षण मी शिकवतो. या वर्षी आपल्या शाळेला त्याच विषयातला पुरस्कार मिळाला. ढाल ऑफिसच्या कपाटात आहे, येता-जाता तुम्ही पाहिली असेल. त्याचा अर्ज मी लिहिला होता. आणि माझ्या मागचा हा बॅनर त्या पुरस्काराच्या अभिमानानं लावलेला आहे. माळकर साहेबांनी तो स्वखर्चानं, अतिशय सुंदर छापून दिला. साहेब, छपाईत काही दोष नाही. फोटो मी निवडले.

गेल्या पावसाळ्यात नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं आणि आपण शाळा उघडली. वर्गावर्गांत कुटुंबं राहिली. ग्राउंडवर जनावरं बांधली होती. त्या घरांतली बरीच मुलं आपल्याच शाळेची. आपल्याच वर्गात, आपल्याच बाकाखाली अंथरूण टाकून झोपायची. मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या. रांग लावायची नाही; सामान वर्गाच्या दारात ठेवायचं आणि निघून यायचं. आणि फोटो काढायचे नाहीत. कुणीतरी कुरकुरलं, तर म्हणाल्या, "ही माणसं आपल्याकडे राहायला आलीत. घरी पाहुणे जेवायला बसले की तुम्ही त्यांच्या ताटाचा फोटो काढता का?"

आम्ही ते पाळलं. एक दिवस मॅडम पाण्याच्या टँकरसाठी सरकारी कचेरीत गेल्या होत्या, आणि त्याच वेळी मदत घेऊन एक मंडळ आलं. त्यांना फोटो हवा होता. त्यांचंही चुकलं म्हणणार नाही, त्यांनाही कुणाला तरी दाखवायचा असतो. ते म्हणाले, "सर, एक लहान मूल मिळालं तर बरं होईल." मी मूल शोधायला गेलो.

कुठलं मूल, ते मी सांगणार नाही. मुलगा की मुलगी, तेही सांगणार नाही. बॅनरवर बरेच फोटो आहेत आणि बऱ्याच जणांचे हात पुढे आलेले आहेत. मी कुठं उभा आहे यावरूनही अंदाज बांधू नका. माझ्या देहयष्टीमुळे चार-पाच फोटो तरी झाकले गेले असतील.

हसलात, बरं वाटलं. कारण पुढचं सांगणं मला जड जाणार आहे.

मी त्या मुलाला विचारलं, "फोटो काढूया का?" ते हो म्हणालं. त्याच्या हातात वस्तू दिली. फोटो चांगला आला. इतका चांगला आला की मी तो अर्जाला जोडला आणि खाली एक ओळ लिहिली, करुणेची. पुरस्कार आला. मग तो फोटो वार्षिक अंकावर गेला, स्कूल बसच्या पाठीवर गेला, आणि आज इथं आला. वार्षिक अंक हातात आल्यावर मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला होता, "पोराला विचारलं होतं का?" मी म्हणालो, "हो, मॅडम."

मी खोटं बोललो का? यावर मी बरेच दिवस स्वतःशी वाद घातला. फोटो काढू का, हे मी विचारलं होतंच. बसच्या पाठीवर लावू का, हे विचारलं नव्हतं. म्हणजे माझं 'हो' अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यावर मी निश्चिंत झोपत होतो. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. इतर वेळी दुधात पाणी शोधावं तसा मी स्वतःत दोष शोधतो. हा कसा सापडला नाही?

तो आज सापडला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, स्टेजच्या बाजूच्या खोलीत. आज ज्या पन्नासेक मुलांना वर यायचं आहे, बक्षिसाला, गाण्याला, मॅडमना भेट द्यायला, ती तिथं थांबली होती. एका मुलानं दुसऱ्याला दंडाला धरून माझ्यापुढे आणलं.

"सर, हे वर येत न्हाय म्हणतंय."

मी म्हणालो, "का, बाळ? नाव पुकारणार आहेत तुझं."

"मला खालनंच टाळ्या वाजवू द्या, सर."

"पण का?"

"त्यो मागं हाय की."

"कोण?"

"फोटो."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चांगला तर आलाय फोटो!"

तेव्हा ते मूल माझ्याकडे न बघता म्हणालं, "आम्ही हसत हुतो, सर. तुम्ही म्हणाला, हसू नगा, जरा इकडं बघा. आता सगळ्यास्नी वाटतंय आम्ही रडत हुतो."

मला आठवलं. खरंच हसत होतं ते. मैत्रीतलं कुणीतरी कॅमेऱ्यामागून वाकुल्या दाखवत होतं. शाळेतच राहायला मिळालं म्हणून ती पोरं त्या दिवसांत अंधार पडेपर्यंत खेळत होती. आणि मी, मूल्यशिक्षणाचा शिक्षक, एका हसणाऱ्या मुलाला म्हणालो की हसू नकोस. फोटो नीट यावा म्हणून.

सोबतचं मूल म्हणालं, "सर, बसमागनं सायकलवाली पोरं चिडवत जात्यात. नाव पाडलंय." ते नाव मी इथं उच्चारणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी ते आजपासून विसरावं. "आन आज हितं एक तोंड, मागं एक तोंड. मोबाईलवालं दोन्ही काढणार."

मी धावत बाहेर आलो. बॅनर बांधणारा कृष्णात शिडी खांद्यावर घेऊन निघाला होता. म्हटलं, "हा आत्ताच्या आत्ता काढता येईल?" तो म्हणाला, "आता? सर, पडद्याच्या पाइपलाच आवळून टाकलाय. बॅनर काढला तर पडदाबी खाली ईल. आन पावणं आल्यात की दारात!"

मग मी मॅडमकडे गेलो. निरोपाची साडी, केसात गजरा, हातात आभाराच्या भाषणाचा कागद. ज्यांच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, त्यांना हे सांगायचं. सगळं सांगितलं, माझ्या त्या 'हो'सकट. मॅडमनी कागदाची घडी घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मग ग्राउंडवर करू. मी आधीपासून सांगत होते, मला ग्राउंडवर निरोप द्या, तर तुम्हाला हॉल हवा होता." मी म्हणालो, "लोकांना काय सांगायचं?" त्या म्हणाल्या, "झालं ते सांगायचं. तुम्ही सांगायचं. पण पोराचं नाव निघालं तर बघा." मी खोलीत परत गेलो. कारण या वेळी पूर्ण विचारायचं होतं. मी त्या मुलाला विचारलं, "हे सगळ्यांसमोर सांगू का? काय काय सांगणार आहे तेही आधी सांगतो." त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ बुटाची लेस सोडत-बांधत राहिलं.

मग म्हणालं, "नाव घिऊ नगा." आणि लेस पुन्हा आवळून, "पर दुधाचं सांगा."

दुधाचं सांगतो. पुराच्या त्या दिवसांत ग्राउंडवर ज्यांच्या म्हशी बांधल्या होत्या, त्या घरांनी एक दिवसही दूध विकलं नाही. डेअरीचा रस्ता पाण्याखाली होता हे खरं, पण नंतर रस्ता मोकळा झाला तरी विकलं नाही. रोज सकाळी पोरं चरव्या घेऊन वर्गावर्गांत फिरायची. लहान मुलांना दूध, मोठ्यांना चहा. स्टाफरूममध्ये आम्ही शिक्षक जो चहा पीत होतो, मदत पोहोचवून दमलो म्हणून, तोही त्याच दुधाचा. फोटो काढला त्या सकाळी मी दोन कप प्यालो होतो. ते त्याच मुलानं आणून दिले होते. 'घे' म्हणणारा हात त्याचा होता, आणि बॅनरवर मी त्याला घेणारं करून टाकलं. त्याचे वडील घरी म्हणतात म्हणे, "चरवी हातात असताना काढायचा हुता की फोटो." एवढंच म्हणतात. शाळेत येऊन कधी बोलले नाहीत. ते आज हॉलमध्ये असतील तर, दादा, मी आपल्याकडे बघू शकत नाही, बघितलं तर लोकांना कळेल. पण आपण ऐकताय असं धरून मी हात जोडतो.

बसवरचं स्टिकर उद्या मी स्वतः खरवडून काढणार आहे. पुरस्कार देणाऱ्यांना कळवणार आहे की फोटोखालची ओळ माझी होती आणि ती खरी नव्हती. त्यांनी ढाल परत मागितली तर मीच नेऊन देईन. रेव्हरंड साहेब, संस्थेला यात कमीपणा वाटला तर त्याला जबाबदार मी.

आता विनंती. उरलेला कार्यक्रम, गाणं, बक्षिसं, मॅडमना द्यायची भेट आणि मॅडमचं भाषण, सगळं ग्राउंडवर होईल. तिथं मागे काही लावलेलं नाही. गोलपोस्टची जाळी आहे, ती मॅडमनी परवाच नवी बसवून घेतली. ज्यांना मुलांचे फोटो काढायचे असतील त्यांनी आधी विचारा, आणि कुठं कुठं पाठवणार तेही सांगा. ते मूल तिथं पुढे येईल की नाही, मला माहीत नाही. मी त्याला 'ये' म्हटलेलं नाही. नाव पुकारल्यावर कुणी आलं नाही तर मागे वळून शोधू नका, पुढचं नाव ऐका.

अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, आपण माझ्याकडे पाठ करून एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. माळकर साहेब, आपल्या बॅनरपुढे असा आडवा उभा राहिलो, तो अपमान मानू नका. पालकांचे आणि मुलांचे आभार. मॅडम, तुमच्याविषयी बोलायला उभा राहिलो आणि निम्म्याहून जास्त माझ्याविषयीच बोललो. तेवढं पदरात घ्या. बोलताना शब्द कमी-अधिक पडला असेल तर सर्वांनी सांभाळून घ्यावं. फोटोचं मात्र सांभाळून घेऊ नका, ते माझ्याकडेच राहू द्या.

आधी पाचवी-सहावी उठा. मग मोठे वर्ग, मग पालक. मान्यवरांनी डावीकडच्या पायऱ्यांनी उतरावं. स्टेजकडे पाठ करायची आणि सरळ दाराकडे चालायचं. हॉल रिकामा होईपर्यंत मी इथंच उभा आहे.