ठमाबाईंनी अंगठा मागे घेतला

मंडळी, ऐका. पखवाजवाले, हात जरा मांडीवर विसावू द्या. आज अभंगाआधी एक गोष्ट विचारणार आहे. बाईमाणसाला सगळ्यात आधी काय मिळायला हवं?

कोणी म्हणेल शिक्षण. बरोबर! मी पन्नाशी उलटल्यावर अक्षरं गिरवली, मला त्याचं मोल विचारा. कोणी म्हणेल दारूबंदी. ती खांबाजवळची माउली बघा कशी मान हलवतेय – आणि मालक कसे छताकडे बघतायत! कोणी म्हणेल नोकरी, कोणी म्हणेल दारात संडास. सगळं खरं. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते. ती मला चिंचखेडच्या ठमाबाईंनी शिकवली.

ठमाबाईंचे यजमान वारले. मागे सहा एकर रान. त्यातलं दोन एकर या बाईने दगड वेचून वेचून वहितीला आणलेलं. मुलगा भागवत, घर आणि शेत सांभाळणारा. धाकटी मुलगी मंदा, शेजारच्या तालुक्यात दिलेली. वर्षश्राद्ध झालं आणि आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. काय होतं? बहिणीला साडी, पुरणाचं जेवण, आणि जेवण झालं की जीपमध्ये बसवून तालुक्याला. कशाला? हक्कसोडीच्या कागदावर सही करायला! म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीने भावाला सोडला. पुढच्या रांगेतले, हसू नका. ही जीप तुमच्याही ओट्याला लागली होती.

भागवत वाईट होता का? अजिबात नाही. बापाने आत्याची सही घेतली, चुलत्याने घेतली, म्हणून तोही घेत होता. आणि मंदा? तिच्या जावेने सही दिली नव्हती. नऊ वर्षं झाली, जावेच्या माहेरून कोणी उंबऱ्याला आलं नाही. मंदाला ते दिसत होतं. जमीन गेली तर गेली, पण आईचं दार बंद व्हायला नको. ती मुकाट जीपमध्ये बसली.

आता गंमत ऐका. त्याच कागदात ठमाबाईंचंही नाव होतं! नवऱ्यामागे तिलाही हिस्सा होता, तोही सोडवायचा होता. तिला काय सांगितलं होतं? चल, फोटो काढायचाय. बिचारी नवं लुगडं नेसून आली.

कचेरीत वयाचा मान म्हणून आधी तिलाच पुढे केलं. समोर साहेब. चष्मा नाकावर, नजर कागदावर. जे दिवसातून पन्नासदा विचारायचं तेच त्यांनी विचारलं, "आजी, राजीखुशीने सोडताय ना?"

भागवत मागून म्हणाला, हो साहेब. साहेबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, त्यांना बोलू द्या.

ठमाबाईंचा अंगठा मशीनवर टेकायचा बाकी होता. ती म्हणाली, "काय सोडायचंय?"

झालं! साहेबांना कागद मोठ्याने वाचावा लागला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि अंगठा मागे घेतला.

"लेकरा, लगीन ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. पोरीची शाळा सोडवली तेव्हाही नाही. सत्तर वर्षांत माझी खुशी तूच पहिल्यांदा विचारलीस. मग खरं सांगते. माझी खुशी नाही. माझं नाव राहील, पोरीचंही राहील."

मंदा घाबरली. पदर तोंडाला लावून म्हणाली, आई, नको गं, माझं माहेर जाईल. ठमाबाई म्हणाल्या, "ते घर माझंही आहे. तुझं येणं सहीवर टांगलेलं नाही." मग मंदानेही सही केली नाही.

बाहेर पायऱ्यांवर भागवतने विचारलं, "आई, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

मंडळी, काळजात ठेवा हे उत्तर. ती म्हणाली, "आहे रे. म्हणून तर तुझ्यासमोर बोलले. नसता तर गुमान अंगठा दिला असता."

भागवत दोन दिवस नीट जेवला नाही. पण दिवाळीला मंदाला आणायला तोच गेला. अजून पुरता मोकळा झालेला नाही, खोटं कशाला सांगू! पण त्या वर्षी बांधाकडच्या तुकड्यात काय पेरू, हे त्याने पहिल्यांदा आईला विचारलं. ती म्हणाली हरभरा. हरभराच पेरला.

पुढे चिंचखेडला कीर्तनाला गेलो, तेव्हा त्या रानाचा सात-बारा मीच तिला वाचून दाखवला. तीन नावं. तिचं नाव मी दोनदा वाचलं – तिने सांगितलं म्हणून! मला वाचता येतं याचा एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

तर माउलींनो, बाप्यांनो, शिक्षण द्या, जमीन द्या, सगळं द्या. पण आधी तिची खुशी विचारा. तुम्हाला सांगणारा मी कोण? माझ्या कागदावर माझ्या दोन बहिणींचे अंगठे आहेत, न विचारता घेतलेले. परवा थोरलीकडे गेलो, समोर बसलो आणि विचारलं. ती म्हणाली, "उशीर केलास. पण आलायस तर बस, सांगते."

दिवस मावळेपर्यंत ती सांगत होती. एक शब्दही मध्ये न बोलता मी ऐकत होतो. आता घ्या देवाचं नाव. आणि घरी गेलात की तुम्हीही तिच्यासमोर असेच बसा.