गेलेलीचं खातं

“नवं खातं कशाला उघडता? गेलेलीचंच हिला द्या,” सासूबाई आत मामंजींना सांगत होत्या. गेलेली म्हणजे ह्यांची पहिली बायको. ती अचानक गेली, असं मला सांगितलं होतं.

कुंभकोणमला घरात आम्ही मराठी बोलतो, रस्त्यावर सगळे तमिळ. इथल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात अजून मामंजींचा पुराणा संगणक चालतो. यंत्र एक, त्याला जोडलेले पडदे आठ; काम आणि एकमेकांना निरोप ज्याच्या त्याच्या खात्यातून, आणि कोणाला आत घ्यायचं ते मामंजी ठरवणार. त्यांनी तिचा पासवर्ड तेवढा बदलला.

मी खातं उघडलं, तर आत तिचा शेवटचा निरोप तसाच होता. “मामंजी, चार दिवस ताप उतरत नाही. डॉक्टरकडे न्याल?”

खाली उत्तर होतं, “आधी मालाची यादी पुरी कर.”

जेवताना सासूबाईंनी विचारलं, “जमलं का गं?”

“जमलं. पण मला ताप आला तर मी निरोप ठेवणार नाही. रस्त्यात उभी राहून ओरडेन, तेही तमिळमध्ये.”