मऊ शर्टाचे सहा लंगोट

लसीच्या रांगेत माझ्यामागे एक जोडपं उभं होतं. बाईच्या खांद्यावरचं बाळ थांबायचं नाव न घेता रडत होतं.

“विकतचे डायपर परवडत नाहीत, घरातल्या मऊ कापडाचे लंगोट शिव, हे कोण म्हणालं?”

“मीच म्हणालो. पण घरात अकरा जुन्या चादरी होत्या.”

“चादरी जाड आहेत. तुझा तो निळा शर्ट कसा मऊसूत होता.”

“अगं, तो मला भेट मिळाला होता.”

“कुणाकडून ते माहितीये ना! म्हणून तर आधी त्यालाच कात्री लावली. सहा लंगोट निघाले.”

“लग्नाआधीची मैत्रीण ती. आता तिचं काय मनावर घेतेस?”

“कुठे काय घेतलंय? बाळ रोज तिच्या शर्टात शू करतं, तेवढंच मला बरं वाटतं.”

“मग आज हा एवढा का रडतोय?”

“सहाही धुऊन वाळत घातलेत. चादरीचा बांधलाय, तो याला चालत नाही. बापावर गेलंय कार्टं.”

“आता गं?”

“आता काय. तिला फोन कर आणि विचार, तसलं कापड कुठे मिळतं.”

“तिचा नंबर तूच पुसून टाकलास की माझ्या फोनमधून.”

“पाठ असेल.”

“छे! चार वर्षं झाली.”

“पोर रडून रडून लालबुंद झालंय रे.”

“अठ्ठ्याण्णव… बावीस…”

बाळ एकदम गप्प झालं.

“थांबलास का? सांग ना पुढचे आकडे.”