पावण्याची कपबशी

(पेणजवळचं खाडीकाठचं गाव, १९९६. इंदुबाईच्या नवऱ्याचं तेरावं झालंय. रोह्याहून धाकटा भाऊ कमळाकर आलाय. शेजारीण सगुणा चुलीपाशी.)

कमळाकर : मंग मला का नाय बोललीस, बाय? ऑपरेशनला पैसे पायजेत, येवढंच बोलायचं व्हतं. भावोजी वाचले असते गो!

इंदुबाई : आलेली ना रोह्याला. शिमगा झाल्यावर.

कमळाकर : तवा तर बोललीस, बाजाराला आलेय.

इंदुबाई : पैसं मागायाच आलेली. वैनीनं चाय आणली. कपबशीत.

कमळाकर : बरं, मंग?

इंदुबाई : म्हायेरात मला कंदी कुणी कपबशी दिलेली? आपला चेपलेला गिलास, पदरात धरून प्यायचा. कपबशी पावण्याला. म्हटलं, इंदे, कळलं तुला. चाय गिळली नि उठली.

कमळाकर : येवढ्याशा कपापायी?

सगुणा : येवढ्याशा? दादा, ही तवाच मला बोललेली, तुमी समोर बसून हिच्या तोंडाकडं पण बघत नव्हतंव!

कमळाकर : कंपनीनं जमीन घेतली, त्याचं पैसं तवाच आलेलं. बायको बोलली, बाय हिस्सा मागाया आलीय.

इंदुबाई : हिस्सा? हक्कसोडीवर मी आपणहून अंगठा दिला रं! म्हायेरचं दार उघडं राहावं म्हणून. आता कशाला पण हात पसरला तर हिस्साच वाटणार ना तुमाला?

कमळाकर : खोटं नाय बोलत. आधी तू न मागता तुला तांदूळ धाडायचो, वाल धाडायचो. पैसं आलं नि तुझीच भीती वाटाया लागली. देवळाच्या कळसाला दिलं, तवा हात आखडला नाय.

सगुणा : माझं हिचं नातं काय? मधी एक कुंपण. हिची चूल पेटली नाय दिसली, तशी ऑपरेशनला कानातल्या कुड्या मोडल्या. हिनं मागलं पण नाय.

इंदुबाई : तवर उशीर झालेला गो. सगुणे, तुझ्या कुड्या पण गेल्या नि माझं माणूस पण.

कमळाकर : बाय, हे पैसं घे. सगुणाताईच्या कुड्या कर, उरलं ते तुला.

इंदुबाई : ठेव खिशात. तिच्या कुड्या मी करीन, मिठागरावर जाऊन.

कमळाकर : चार शिव्या घाल. पण असं परक्यावानी नको ना बोलू. चाय तरी दे.

सगुणा : झालीय चाय. कशात ओतू गो?

इंदुबाई : वरच्या फळीवर कपबशी हाय बघ. पुसून घे.