थांब जरा, दिवा लागलाय!

…नाही, पण मी म्हणतो, त्या दिव्याला लागायला दुसरा दिवस मिळाला नाही? अख्खं वर्ष आमची निकिता ती गाडी कात्रजहून खराडीला ऑफिसला न्यायची, तेव्हा गाडीबद्दल कधी चकार शब्द नाही! आणि ज्या दिवशी पोरगी जर्मनीला निघाली, नोकरी लागली हो तिला तिकडे, आणि तिला विमानतळावर सोडायला मी, तिचा सख्खा बाप, स्वतः स्टिअरिंगवर बसलो, बरोब्बर त्याच दिवशी लाल दिवा!

तुम्हाला सांगतो, ती बिचारी म्हणाली होती, "पप्पा, कॅब करू, तुम्ही माझ्याशेजारी बसा, गप्पा मारत जाऊ." मी म्हटलं, घरची गाडी असताना कॅब? लोक काय म्हणतील? लोकांना काय पडलंय हो! सकाळी घरी बुद्धवंदना झाली, मामा, मावश्या, सगळे रडून मोकळे झाले, मी नाही रडलो. म्हटलं, आपलं विमानतळाच्या गेटवर. ट्रॉली लावून द्यायची, डोक्यावर हात ठेवायचा आणि दोन शब्द बोलायचे… ते दोन शब्द तर मी आंघोळ करताना पाठ केले होते!

विश्रांतवाडी ओलांडली. विमानतळ हाकेच्या अंतरावर. निकिता मागच्या सीटवरून पुढे वाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "पप्पा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय…" आणि टुंग! लाल दिवा! थर्मामीटरचं चित्र, खाली पाण्याच्या लाटा. कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी! आणि मी काय म्हणालो? "थांब जरा, दिवा लागलाय!"

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. आता पुण्यात बॉनेट उघडलं की माणसं बोलवावी लागतात का? एक स्कूटरवाले आजोबा आलेच. "गाडी पुसलीय छान. आत काही घालता का कधी?" तेवढ्यात कानात ते बोळे घातलेला एक पोरगा, "अंकल, कॅप ओपन नका करू हां, प्रेशर असतं, डायरेक्ट फेसवर येईल!" तिसरा म्हणाला, "हीटर लावा फुल! इंजिनची उष्णता आत ओढून घेतो." लावला! मे महिना, भर दुपार, आत माझी बायको राधा! "अहो, मुलीला जर्मनीला पाठवायचंय की मला शिजवायचंय?"

आणि कूलंट तर भरलेलं हो! टाकीवर खूण असते ना, अगदी तिथपर्यंत! मी आजोबांना दाखवलं, तर म्हणतात, "मग तुमच्या गाडीला वाचता येत नसेल." निकिता मध्येच, "पप्पा, माझं ऐका ना…" थांब जरा! "अहो पप्पा, पण…" थांब जरा म्हटलं ना! तिने बॉनेटमध्ये हात घातला, मी तो झटकला. "भाजेल! लांब हो!" म्हटलं, चालली परदेशात, तिथे भाजलेला हात घेऊन जाणार?

शेवटी राधाने रिक्षा थांबवली. बॅगा चढल्या, राधा चढली. माझं डोकं बॉनेटमध्येच! मागून कुणीतरी माझ्या पायाशी वाकलं. मला वाटलं, आजोबा खाली बघतायत. मी विचारलं, "गळतंय का?"

"नाही पप्पा. येते मी."

निकिता होती हो! पाया पडत होती! आणि मी तिला विचारतोय, गळतंय का! गर्रकन वळलो, डोकं आपटलं, "अगं, थांब जरा…" तर म्हणते, "विमान थांबत नाही, पप्पा." गेली रिक्षा.

मी रागाने बॉनेट आपटलं, धाडकन! आणि तुम्हाला सांगतो… दिवा विझला. गपकन! जसा लागलाच नव्हता! सुसाट निघालो. गेटवर राधा एकटी उभी. "गेली?" "गेली. सारखी वळून बघत होती." "कुणाला?" "गाडी येतेय का, ते."

पाठ केलेले दोन शब्द तसेच परत कात्रजला आणले. वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. आणि डोक्यात एकच भुंगा, ती काय सांगणार होती? मुलगा पाहिला असेल? का म्हणणार होती, "पप्पा, तुमच्यामुळे इथवर आले"? या विचाराने मी वरणभात जेवताना रडलो! शेवटी फोनवर विचारलंच, तर हसायलाच लागली. "अहो, तेच! तो दिवा वर्षभर तसाच लागतोय. टाकीखालची वायर ढिली आहे. अंगठ्याने दाबली की विझतो. दाबायलाच आले होते, तुम्ही हात झटकलात!"

एवढंच? अहो, एका अंगठ्याचं काम! ऐकलं असतं तर गेटवर मी असतो! मी हळूच विचारलं, "दुसरं काही नव्हतं ना?" हसायची थांबली. मग म्हणाली, "होतं. ते गेटवर सांगणार होते." "मग सांग की आता!" "फोनवर नाही, पप्पा. आल्यावर, समोर बसून." "कधी येशील?" "बघते… थांबा जरा."

तेव्हापासून थांबलोय. रोज सकाळी खाली जातो, बॉनेट उघडतो आणि ती वायर अंगठ्याने दाबतो. दिवा लागलेला नसतो, तरी दाबतो. कालच गॅलरीतून राधाने हाक मारली, "अहो, एक सांगायचं राहिलं!" तसाच पळालो! काळा अंगठा घेऊन, धापा टाकत, सगळे जिने चढून वर! "काय? काय सांगायचंय? बोल, बोल!"

म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा."

आणली हो… आता कोणी काहीही सांगू दे, ऐकून घेतो.